अन्नपूर्णाची बारी

आंजी (मोठी)
ता. २८ जुलै १९५७

प्रभाकर,

तुह्यं कार्ड भेटलं. पोस्टमन म्हणे वाचून दाखवतो. म्हटलं, राहू दे, मी दुसरीपर्यंत शिकली हावो, चार ओळींले दुसरी पुरते.

वरती "तीर्थरूप मातोश्रींच्या चरणी" लिहिलं. माह्ये चरण तू वीस वर्षांत पाह्यले नाई, त्यांच्या नावानं पत्र कायले? खाली लिहिलं, "कु. अन्नपूर्णा हिची येथे सर्व सोय आहे. तिला त्रास होऊ नये म्हणून सफाईतून सूट दिलेली आहे. काळजी नसावी." कु. अन्नपूर्णा. जशी काई कोण्या परगावची पोरगी. तुह्या पोटची पोर हाय ती. चोवीस वर्षांची झाली.

आठवण नसन तर सांगते. मागच्या माघात तुमच्या ग्रामविद्यापीठाच्या कापूस खात्याची शोभाबाई बियाणं पाहाले आंजीत आली होती. आपली अन्नपूर्णा ओसरीवर बसून सरकी काढून राह्यली होती. शोभाबाईनं तीन गावचा कापूस तिच्यापुढं ठेवला. पोरीनं चिमटीत रुई धरली, ओढली, बोटावर थर लावला अन् सांगितलं, हा लांब धाग्याचा, हा आखूड, अन् या तिसऱ्यात दोन जातींची भेसळ हाय. शोभाबाई चष्मा पुसत बसली. म्हणे, "आजी, आमची शिकलेली पोरं भिंग लावून पाहतात तरी त्यांना ही भेसळ सापडत नाही. विद्यापीठाला असे हात पाहिजेत." मी म्हटलं, हात नेसान तर बाकीची पोरगी बी न्या, अलग भेटत नाई.

तू तवा दौऱ्यावर होता म्हणून जमलं. परत येऊन व्यवस्थापकसाहेबानं पाह्यलं तर कापसाच्या खोलीत आपलीच पोरगी. तू कोणाले काई सांगितलं नाई. तिले मात्र बाजूले घेऊन सांगितलं, इथं मले बाबा म्हणू नको, लोक म्हणतीन घरचीच माणसं भरली. घरची. कोणतं घर रे? ज्याची पायरी तू वीस वर्षं चढला नाई ते?

आता ऐक. पोरगी परवा आठ दिवस राहून गेली. जाताना म्हणे, "आजी, मले कायम करत नाईत. फळ्यावर माह्यं नाव नाई." मले काई समजलं नाई, मंग तिनं तुमच्या तिथचा कायदा समजावला. जेवणघराच्या बाहेर काळा फळा हाय. त्याच्यावर सफाईची बारी लिहितात, दोघादोघांची जोडी. संडासाच्या चरात माती लोटायची, बादल्या धुवायच्या, अंगण झाडायचं. मास्तर असो का माळी, सुटका कोणाचीच नाई. सहा महिने बारी भरली का माणूस कायम कार्यकर्ता होते, हजेरीबुकात नाव लागते, सभेत हात वर करता येते. ज्याची बारी नाई तो पाहुणा.

म्हणजे माही पोरगी सहा महिन्यांची पाहुणी. सकाळपासून रुई निवडते, तुमच्या पोट्ट्यांले धागा ओढून शिकवते, अन् पाहुणी. आपल्याकडं पाहुणा तिसऱ्या दिवशी जोडे घालते. सप्टेंबरात तुमची सभा हाय. त्यात तिचं काई ठरलं नाई तर तिले आंजीले परत धाडतीन, शोभाबाईनंच तिले सांगितलं.

अन् आंजीत काय हाय? मी हावो, बहात्तर वर्षांची. मी मरीन, त्यात रडण्यासारखं काई नाई. पण तू काई येत नाई, मंग हे घर तुह्या चुलतभावाकडं जाते, लहानूकडं. लहानूची बायको पोरीले एका कोपऱ्यात बसवून भाकर देईन. वाईट नाई ती. भाकर रोज देईन, कोपरा बी देईन. डोळे नसून ज्या पोरीच्या बोटांले कापसाची जात समजते, तिनं तीस-चाळीस वर्षं कोपरा चाचपत बसावं.

तवा ही सूट कोणी दिली अन् कोणाले विचारून दिली ते लिहून पाठव. कोण्या शहाण्याच्या डोक्यातून निघाली ते मले पाहाचं हाय.

तुही आई
रुख्माबाई


आंजी (मोठी)
ता. ११ ऑगस्ट

प्रभाकर,

या खेपेले पाकीट आलं. उघडलं तर आत माहीच चिठ्ठी. पोरगी गेली तवा शोभाबाईच्या हाती दिलेली, माह्याच पेन्सिलीची. "आमची पोरगी चांगल्या कुणब्याच्या घरची हाय. तिले संडासाच्या कामाले लावू नये. डोळ्यानं अधू हाय, दया करावी." खाली माही सही, वाकडी. तू एक शब्द न लिहिता तीच परत धाडली. कचेरीत राहून कागद जपाले चांगला शिकला. माणसं जपाले तिथं शिकवत नसतीन.

ठीक हाय. तो शहाणा मी. मागचं पत्र लिहिताना मले मालूम होतं, पण वाटलं तू विसरला असशीन.

तवा मले तुमचा फळा मालूम नव्हता. मले एवढंच दिसलं का गावातले लोक काय म्हणतीन. आता ती चिठ्ठी मी चुलीत टाकली. तू बी ते आपल्या डोक्यातून काढ अन् पोरीचं नाव फळ्यावर लिहायले सांग.

शोभाबाईले तू म्हटलं म्हणे का ती चरात पडन. आठ वर्षांची होती तवापासून ती आपल्या कोठ्यातलं शेण काढते. दोन बैल, एक गाय, अन् लहानूची मारकी म्हैस. पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यावर जाते, पावलं मोजून. एक डाव पडली, म्हशीच्या पायात, पावसाळ्यात. उठली, विहिरीवर गेली, आंग धुतलं, परत पाटी उचलली. तू इथं राह्यला असता तर पाह्यलं असतं. शेणात अन् तुमच्या चरात फरक एवढाच का बैल व्याख्यान देत नाई.

मागच्या बाजाराले भैयाजी आला होता, तुमच्या तिथं फळा लिहिते तोच. मूळचा आंजीचाच. मागच्या दसऱ्याले नागपूरले जाऊन बायकोपोरांसकट बौद्ध झाला. पहिले आला का अंगणात उभा राहायचा. आता विचारत नाई, सरळ ओसरीवर बसते. बसू दे, ओसरी झिजत नाई. चहा झाल्यावर त्याचा कप मी बाजूले ठेवाले गेली, जुनी सवय. त्यानं माह्या हातातून घेतला, विसळला, अन् आपल्या घरच्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला.

मंग मी म्हटलं, "भैयाजी, पोरीचं नाव फळ्यावर लिही."

तो हासला. म्हणे, "आजी, तुमची चिठ्ठी मी बी वाचली होती."

"वाचली तर वाचली. आता दुसरं सांगून राह्यली."

"आमच्या लोकांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं तवा या गावानं आमचं पीठ दळणं बंद केलं होतं. अन् तुम्ही कुणब्याची बाई होऊन घाणीची बारी मांगून राह्यल्या?"

मी म्हटलं, "तुमच्यावर लादली होती म्हणून तुम्ही फेकली. बराबर केलं. माह्या पोरीले तर कोणी मांगतच नाई. ज्याच्याकडून काईच मांगत नाई, त्याले माणसात कोण धरन?"

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मंग म्हणे, "लिहून देतो आजी. पण सूट व्यवस्थापकांच्या सहीची हाय. ते काढतीन तवा."

म्हणजे आलं परत तुह्यावरच. तर काढ.

आई


आंजी (मोठी)
ता. २९ ऑगस्ट

प्रभाकर,

पोळा झाला, बैलांले आराम झाला, मंग लहानूले गाडी जुंपाले लावली अन् तुमच्या विद्यापीठाच्या सुमतीभवनात येऊन गेली. तुले मालूम हाय. मी फाटकातून आत आली अन् तू मागच्या दारानं पिपरीच्या रस्त्याले लागला. ढवळी टोपी लांबून दिसते रे. माह्ये गुडघे गेले, डोळे नाई.

विद्यापीठ म्हणता अन् बसाले चटई. असो, स्वच्छ हाय.

पोरीले कापसाच्या खोलीत पाह्यलं. समोर बारा-पंधरा पोट्टे, सारे चिमटीत रुई धरून. ती एकेकाची बोटं चाचपून सांगून राह्यली होती, "झटका देऊ नको, रुई रागावते. हळू ओढ." एकानं विचारलं, बाई, तुम्हाले कसं समजते? ती म्हणे, "तुम्ही कापूस पाहत बसता, म्हणून तुम्हाले समजत नाई." पोट्टे हासले. मी दारात उभी होती. बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

तेवढ्यात दिल्लीकडचे कोणी पाहुणे आले. तुमचे एक मास्तर त्यांले घेऊन आत घुसले, शिकवणं बंद केलं, पोरीच्या गळ्यात सुताचा हार घातला अन् हिंदीत बोलाले लागले, ये हमारी अंध भगिनी हैं. पाहुण्यांनी हात जोडले. ती बी जोडून राह्यली होती, भलतीकडं तोंड करून, कारण कोणी कुठं उभं हाय हे तिले कोणी सांगितलं नाई. तिच्या कामाचं एक वाक्य नाई निघालं. मी म्हटलं, "मास्तर, हार काढा, रुईले सूत अटकते." ते माह्याकडं पाहून हासले. म्हातारी दिसली का लोक हासतात.

मंग जेवण. सारे रांगेत बसले. पोरीले पाट, बाकीच्यांले जमीन. तिले पहिले वाढलं. जेवण झालं का साऱ्यांनी आपापलं ताट उचललं अन् हौदाकडं चालले. तिचं ताट एका पोरीनं तिच्या हातातून ओढून घेतलं. प्रेमानं. ती तशीच बसून राह्यली, उष्टा हात वर धरून, कोणी पाणी आणन म्हणून.

मी जवळ गेली. म्हटलं, "काऊन व, हौद सापडत नाई का?"

म्हणे, "बावीस पावलं हाय, आजी. पण मी उठली का चार जण धावतात. सहा महिन्यांत एक ताट धुवू देलं नाई मले. हातावर पाणी बी तेच टाकतात. मी इथं कामाले आली का देवघरात बसाले, मलेच समजत नाई."

"मंग बोलत काऊन नाई?"

"कोणाले बोलू? साऱ्यांचं मन किती चांगलं हाय."

हे ऐकलं अन् माह्यं टाळकं सरकलं. साऱ्यांचं मन चांगलं. गाडीत बसून आंजीपर्यंत मी हेच घोकत आली. लहानू विचारे, काकी काय पुटपुटता. त्याले काय सांगू. जे सांगाचं ते तुले सांगाचं हाय, अन् ते सांगाले मी वीस वर्षं लावली.

तर वाच. बसून वाच.

सदतीस साली गावात देवी टोचणारा आला होता. तू तवा वर्ध्याले सूतयज्ञ करून राह्यला होता. दोन महिन्यांनी परत आला तवा देवीत पोरीचे डोळे गेलते. तू विचारलं, टोचून काऊन नाई घेतलं. मी म्हटलं, तुह्या बायकोनं लपवली. देवकाबाई तिथंच उभी होती. ती माह्याकडं पाहत राह्यली, बोलली नाई, कारण सासूले खोटं पाडाची आपल्याकडं रीत नव्हती. तू तिच्यावर रुसला अन् घर सोडलं. तीन वर्षांनी ती तापात गेली. तू तेराव्याले आला, पायरी न चढता, माह्याकडं न पाहता अंगणातूनच परत गेला.

तिनं नाई लपवली. ती तर पोरीले कडेवर घेऊन चावडीकडं निघाली होती. मी तिच्या कडेवरून पोरगी ओढून घेतली, आतल्या घरात नेली अन् धान्याच्या ढोलीत बसवली, वरून पोतं टाकलं. टोचणाऱ्याले सांगितलं, पोरगी मामाकडं गेली. काऊन? तर हात पिकन, पोरगी रडन, एवढीशी तर हाय. दया आली मले. ढोलीत ती हासून राह्यली होती, तिले खेळ वाटला.

माह्यं मन बी चांगलंच होतं, प्रभाकर.

मी हे माफीसाठी लिहीत नाई. देवकाबाई तिकडं हाय, तिची माफी तिथं मांगीन, लवकरच. तुले लिहून राह्यली ते एवढ्यासाठी का मी दया केली अन् पोरीचे डोळे नेले. आता तू दया करून तिचे हात नेऊन राह्यला. ढोलीत मी बसवलं, पाटावर तू बसवलं. मले तवा अक्कल नव्हती. तू तर विद्यापीठ चालवते म्हणे.

सूट काढ. अन् जोडी कोणाची लावायची म्हणून अडून बसू नको. भैयाजी म्हणे कोणी तयार होणार नाई, पोरगी पडली तर आपल्यावर येईन म्हणून सारे भेतात. बारी तुही बी हाय ना?

आई


आंजी (मोठी)
ता. २४ सप्टेंबर

प्रभाकर,

तुह्यं उत्तर आलं नाई. येणार बी नाई, मी वाट पाहून राह्यली नाई. वीस वर्षं तू चुकीच्या माणसावर रुसला. आता बराबर माणसावर रुस. मी घरीच हावो.

पोरीचं पत्र आलं, भैयाजीच्या अक्षरात. तिनं सांगितलं अन् त्यानं लिहिलं, म्हणून अर्ध्या पत्रात ती बोलते अन् अर्ध्यात तो मधातच आपलं घुसवते. पण सारं समजलं.

समजलं का सूट रद्द झाल्याची चिठ्ठी तू न बोलता भैयाजीच्या हाती ठेवली. त्यानं फळ्यावर तिचं नाव लिहिलं. शेजारची जागा दिवसभर रिकामी राह्यली, जो तो वाचे अन् पाणी प्याले निघून जाय. संध्याकाळी पाह्यलं तर तिथं खडूनं "प्रभाकर" लिहिलं होतं. राव नाई, भाऊ नाई.

समजलं का पहिल्या दिवशी तू तिचा हात धराले गेला अन् तिनं हात मागं घेतला. म्हणे, "हात नका धरू, फक्त चर किती पावलांवर हाय ते सांगा." तू सांगितलं, अठरा पावलं. ती चालली, अन् चर होता सोळावर. गेला पाय आत, घोट्यापर्यंत. ती म्हणे, "तुम्ही आखूड पावलं टाकता, म्हणून तुमची मोजणी चुकली. उद्यापासून मीच मोजीन." पाय धुतला अन् उरलेली माती लोटली. तुले सांगे, "माती जास्त टाकता तुम्ही, दोन दिवसांत सरन." व्यवस्थापकाले असं बोलाले तुमच्या तिथं दुसरं कोणी हाय का?

त्या दिवसापासून ती आपलं ताट आपणच धुते. दुसऱ्या रोजी घाईत एका मास्तरचं बी धुऊन टाकलं, आता तो मास्तर लाजत फिरते.

मंग तुमची सभा. ती भैयाजीनं सविस्तर लिहिली. ते हारवाले मास्तर उठले अन् म्हणे, या भगिनीची परिस्थिती पाहता सहा महिन्यांची अट माफ करून तिला आजच कायम करावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णा मागून म्हणे, "माफ नका करू. माह्ये बारा दिवस झाले. बाकीचे भरते." शोभाबाईनं ठराव टाकला का तिला आजपासून उमेदवार कार्यकर्ती म्हणून हजेरीबुकात घ्यावं, बाकी नियम सर्वांना तेच. हात वर झाले. तुहा नाई झाला. अध्यक्षानं विचारलं, प्रभाकरराव, तुमचा विरोध आहे का? तू म्हणे, "विरोध नाही. ती माझी मुलगी आहे, म्हणून मी मत देत नाही."

वीस वर्षांनी पोरीले पोरगी म्हटलं, ते बी मत न देण्यासाठी. तुह्यापुढं हात टेकले मी. पण म्हटलं तर खरं. भरसभेत म्हटलं. अन्नपूर्णानं त्याच्यावर काई लिहिलं नाई. भैयाजीनं लिहिलं का सभा सुटल्यावर ती तुह्याजवळ येऊन एवढंच म्हणे, "उद्या बादल्या माह्याकडं, झाडू तुमच्याकडं." बाबा म्हटलं का नाई म्हटलं, ते त्यानं लिहिलं नाई. मी विचारणार बी नाई. ते तुमचं तुम्ही पाहा.

हिशेबानं पुढच्या मार्चात ती कायम होते. म्हणजे मले मार्चपर्यंत जगणं आलं. एवढ्या उन्हाळ्यापावसाळ्यांत एक हिवाळा काई जड नाई.

आता ज्यासाठी पत्र लिहाले बसली ते. दसरा नऊ दिवसांवर हाय. मी तिच्यासाठी करंज्यांचा खवा सांगून ठेवला, लहानूले गाडी सांगून ठेवली. पत्राच्या शेवटी ती लिहिते, "आजी, दसऱ्याले येणं होत नाई. त्या दिवशी माही बारी हाय." घ्या. भांडली मी, गुडघे घासत आली मी, झाकलेलं उघडं केलं मी, अन् हाती काय आलं तर सणाच्या दिवशी रिकामं घर अन् शेरभर खवा. लहानूची बायको म्हणे, "काकी, भावजींले लिहा ना, एका दिवसाची तर बात हाय, अंध्या पोरीले सणाची सुट्टी द्याले कोण नाई म्हणन?"

कोणीच नाई म्हणणार नाई, हेच तर दुखणं हाय.

तवा हे पत्र त्यासाठी नाई. तिची बारी बदलू नको. खवा मी लहानूच्या पोट्ट्यांले घालते.

आई